कारण, वीस अक्षरांत

एस-इन्फो एवढं टाईप करून एंटर मारलं की काळ्या पडद्यावर सहा कॉलम येतात. पार्टिशन, अव्हेल, टाईमलिमिट, नोड्स, स्टेट, नोडलिस्ट. ना रंग, ना आलेख. आमच्या क्लस्टरचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या कंप्युटरांच्या समूहाचं, सगळं मिळून दहा-बारा ओळींत मावतं आणि त्यावर नजर फिरवली की आज डबा एक वाजता उघडणार की चार वाजता याचा अंदाज येतो. स्टेटच्या कॉलममधे येऊन जाऊन तेच पाच शब्द, आयडल (रिकामा), मिक्स (थोडा भरलेला), अलॉक (पूर्ण दिलेला), ड्रेन (नवं काम घेणं बंद), डाऊन (बंद पडलेला). बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पहिले तीन चांगले आणि शेवटचे दोन वाईट. आत बसलं की हळूहळू कळतं की शेवटच्या दोघांची काळजी कुणीतरी घेतच असतं, झोप उडवतात ते पहिले तीन.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत क्लस्टर सांभाळते. घरी कुणी विचारलं नक्की काय करतेस तर सांगते, रांग लावते. सासूबाईंना ते पटतं. नवऱ्याला नाही, तो सॉफ्टवेअरमधला आहे आणि त्याच्या मते आता सगळं क्लाऊडवर असताना आपले रॅक आपल्याच एसीत थंड करत बसणं ही हौस आहे. असेल. पण खरं सांगायचं तर रांग लावणं हेच काम आहे. एका खोलीत रॅकवर रॅक, प्रत्येक रॅकमधे बरेच नोड, प्रत्येक नोड म्हणजे पडदा आणि कीबोर्ड नसलेला एक अख्खा दणकट कंप्युटर, सगळे एकमेकांना वेगवान नेटवर्कनं जोडलेले. साध्या मशिनींची मोट बांधून मोठं मशीन करायचं ही कल्पना तशी जुनी, नासाच्या गोडार्ड सेंटरमधे १९९४ साली ४८६ प्रोसेसरवाले १६ कंप्युटर जोडून बिओवुल्फ नावाचं प्रकरण उभं केलं होतं, त्याचीच ही नातवंडं. विद्यार्थी लॉगिन नोडवर येतात, एक स्क्रिप्ट लिहितात, मला इतके कोर इतकी मेमरी इतका वेळ पाहिजे असं त्यात मागतात आणि जॉब टाकून जातात. कुणाचा जॉब कधी आणि कुठल्या नोडवर लावायचा हे स्लर्म ठरवतं. स्लर्म कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमधे २००२ च्या सुमारास तयार झालं, फुकट आणि ओपन सोर्स, आणि आज जगातली बरीचशी मोठी मशीन्स त्याच्यावर चालतात, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची परम सुपरकंप्युटरांची मालिकासुद्धा.

तर एस-इन्फो हा स्लर्मला विचारलेला प्रश्न, की बाबा सगळे कसे आहेत. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही एंटर मारलं की कुणी उठून नोडपाशी जाऊन बघून येत नाही. मुख्य सर्व्हरवर एक कंट्रोलर प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतो, प्रत्येक नोडवर त्याचा एक छोटा हस्तक असतो, या दोघांचं अधूनमधून बोलणं होतं आणि त्यातून कंट्रोलरच्या डोक्यात जे चित्र तयार झालंय तेवढंच तुमच्यासमोर छापलं जातं. म्हणजे नोड कसा आहे हे नाही, नोड कसा आहे असं कंट्रोलरला वाटतंय ते. नोडनं उत्तर देणं बंद केलं तर लगेच डाऊन दिसत नाही. आधी स्टेटच्या मागे एक स्टार लागतो, आयडल स्टार, अलॉक स्टार, आणि मग डिफॉल्ट सेटिंग असेल तर ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं वाट बघून कंट्रोलर म्हणतो की हा गेला, डाऊन.

मला तो स्टार फार आवडतो. शेवटचं कळलं तेव्हा हा बरा होता, आत्ता फोन उचलत नाहीये, एवढं सगळं त्या एका खुणेत आहे, आणि इतकं सरळ सांगणारं सॉफ्टवेअर मी फारसं बघितलेलं नाही. बसच्या ॲपमधे बस दोन मिनिटांत येणार म्हणून दाखवतात आणि वीस मिनिटं ती दोनच मिनिटांवर असते, तिथे असा एक स्टार लावला तरी माणसाचा संताप निम्मा होईल. गंमत म्हणजे एस-इन्फोमधे अजून एक स्टार असतो, तो डिफॉल्ट पार्टिशनच्या (पार्टिशन म्हणजे नोडांचा एक गट) नावामागे लागतो आणि त्याचा बिघाडाशी काही संबंध नाही. दरवर्षी नवी बॅच आली की एक तरी मेल येतो, मॅडम स्टँडर्ड पार्टिशनला स्टार आहे, ते बंद पडलंय का? नाही रे बाबा, ते तसंच असतं.

आता आयडलकडे येते, कारण सगळ्यात दगाबाज तोच आहे. समजा एका नोडवर काल रात्री स्क्रॅचची, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या फाईलींची, फाईलसिस्टिम माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची, राहिली किंवा मधेच निसटली. नोड चालू आहे, नेटवर्क चालू आहे, हस्तक कंट्रोलरशी छान गप्पा मारतोय. रात्री एका मुलीनं पाचशे जॉबचा ॲरे, म्हणजे एकसारख्या जॉबचा गठ्ठा, टाकला. पहिला जॉब या नोडवर लागला, फाईल सापडली नाही, एका सेकंदात मेला. नोड मोकळा. कंट्रोलर म्हणतो अरे वा, मोकळा आहे, घे दुसरा. तोही मेला. तिसरा. बाकीचे धडधाकट नोड सहा सहा तासांच्या कामात अडकलेले आणि हा एकटा सेकंदाला एक या वेगानं अख्खी रांग गिळतोय. आमच्या धंद्यात याला ब्लॅक होल नोड म्हणतात. सकाळी ती मुलगी बघते तर पाचशेच्या पाचशे फेल, आणि मी एस-इन्फो मारते तर अख्ख्या टेबलात सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात तत्पर, स्टार वगैरे काही नसलेला एकच नोड आयडल दिसतोय. गुन्हेगार तोच.

यावर इलाज आहे. स्लर्मच्या कॉन्फिगमधे हेल्थचेकची स्क्रिप्ट लावता येते, लॉरेन्स बर्कली लॅबमधून आलेली नोड हेल्थ चेक नावाची बऱ्याच ठिकाणी वापरतात, ती दर काही मिनिटांनी प्रत्येक नोडवर बघते की स्क्रॅच माउंट आहे ना, मेमरी सांगितली तेवढी दिसतेय ना, इन्फिनीबँड या वेगवान नेटवर्कची लिंक चालू आहे ना. काही बिनसलं असेल तर नोडला स्वतःच ड्रेनमधे टाकते. पण ती स्क्रिप्ट तेवढंच बघते जेवढं तिला बघायला सांगितलंय, आणि तिला काय सांगायचं हे आधी कधीतरी काहीतरी बिघडल्याशिवाय सुचत नाही. आमच्या हेल्थचेकच्या फाईलमधली एकेक ओळ म्हणजे एकेका खराब रात्रीची पावती आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती फाईल विक्षिप्त वाटते. अमुक एका फोल्डरमधे लिहिता येतंय का हेच का तपासता? कारण आहे.

अलॉकचं वेगळंच. अलॉक म्हणजे नोड दिलाय, कुणाच्या तरी नावावर आहे, संपूर्ण. तो वापरात आहे की नाही हे त्या शब्दात कुठेच नाही. यष्टीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. माणूस खाली चहा पितोय, रुमाल वर बसलाय, आणि उभ्यानं प्रवास करणारे त्या रुमालाकडे बघतायत. आमच्याकडे ४८ कोरचा नोड एक्स्क्लुझिव्ह मागून त्यावर एका कोरवर चालणारी पायथनची स्क्रिप्ट सोडणारे महाभाग असतात, वाईट हेतूनं नाही, कुणा सीनियरनं दिलेली स्क्रिप्ट पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलेली असते आणि त्यातली ती ओळ काय करते हे कुणी विचारलेलंच नसतं. एस-इन्फोला नीट फॉरमॅट सांगितला तर तो प्रत्येक नोडचा सीपीयू लोडही छापतो. अठ्ठेचाळीस कोर अलॉक आणि लोड १.०१ अशी ओळ दिसली की मी आधी खोल श्वास घेते आणि मग मेल लिहायला घेते. मेलमधे "आपण" वापरायचं, चिडून "तू" लिहिलं की प्रकरण गाईडपर्यंत जातं.

मध्यंतरी सगळ्यांनी आग्रह केला म्हणून डॅशबोर्डही केला. ग्राफाना, प्रोमिथियस, हिरवे-लाल चौकोन, कॉरिडॉरमधे टीव्ही. पाहुणे आले की त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतात. वाईट नाहीये तो, रात्रभराचं तापमान किंवा महिन्याभराचा वापर बघायचा तर तोच लागतो, टर्मिनलवर ते दिसणार नाही. पण काही झालं की माझा हात एस-इन्फोकडेच जातो, आणि त्यातही एका ठराविक पर्यायाकडे. एस-इन्फो, स्पेस, डॅश, कॅपिटल आर.

हे दिलं की फक्त आजारी नोडांची यादी येते आणि प्रत्येकासमोर रीझन, म्हणजे कारण. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठला नोड. नोड ड्रेन करायचा तर स्लर्म कारण मागतंच, त्याशिवाय करू देत नाही, आणि हा या सगळ्या यंत्रणेतला मला वाटतं सगळ्यात शहाणा निर्णय आहे. काही कारणं मशीन स्वतः लिहितं. नॉट रिस्पाँडिंग. नोड अनएक्सपेक्टेडली रीबूटेड. किल टास्क फेल्ड, म्हणजे जॉब संपवायला गेलो पण त्याची प्रोसेस मरेचना, बहुतेक वेळा स्टोरेजवर अडकलेली असते. ही कारणं कोरडी असतात आणि त्यांना सही म्हणून स्लर्म किंवा रूट असं नाव असतं. बाकीची माणसांनी लिहिलेली.

आणि इथे ती वीस अक्षरांची भानगड आहे. डॅश आर दिल्यावर कारणाचा कॉलम फक्त वीस अक्षरं रुंद असतो, पुढचं कापून टाकतो. पूर्ण कारण वाचायचं तर एस-कंट्रोल या दुसऱ्या कमांडनं तो एकेक नोड उघडून बघावा लागतो, नाहीतर एस-इन्फोला रुंद कॉलमचा फॉरमॅट सांगावा लागतो. त्यामुळे जो माणूस "व्हेंडरशी बोलणं झालं असून त्यांनी नवीन पॉवर सप्लाय" असं शुद्ध वाक्य लिहायला जातो त्याच्या कारणातलं यादीत फक्त व्हेंडरशी बोलणं झालं एवढंच उरतं, कशाबद्दल ते गायब. आमच्या इथे माझ्याआधी जे गृहस्थ होते त्यांना हे तंत्र बरोबर जमलेलं होतं. आधी वस्तू, मग लक्षण. पीएसयू २ गेला. रॅम बी ३ एरर. फॅन आवाज. मी आले तेव्हा त्यांनी हँडओव्हरची मोठी फाईल वगैरे काही दिली नाही, पण त्यांची ती यादी वाचून मला क्लस्टरचा स्वभाव कळला, कुठला रॅक तापतो, कुठल्या लॉटच्या मशिनींचे पॉवर सप्लाय पटापट जातात. एका नोडसमोर नुसतं लिहिलं होतं "याला हात लावू नका". का, ते मला अजून कळलेलं नाही. लावला नाही.

याच्या उलट टोकाला "टेस्ट" लिहिणारे. नोड ड्रेन, कारण टेस्ट, तारीख तीन महिन्यांपूर्वीची. कसली टेस्ट, संपली का, नोड परत देऊ का, काही पत्ता नाही. लिहिणारा बहुतेक इंटर्न असतो आणि एव्हाना बंगळूरला नोकरीला लागलेला असतो. एवढा महागाचा नोड चार अक्षरांपायी तीन महिने बसून.

एक नोड सविस्तर सांगते. मागच्या पावसाळ्यात एका नोडच्या लॉगमधे मेमरी एरर यायला लागले, करेक्टेबल, म्हणजे ईसीसी रॅमनं स्वतःच पकडून दुरुस्त केलेले. जॉबला काही कळतही नाही. पण आज दहा, उद्या दोनशे, असे वाढत गेले की समजायचं एक दिवस दुरुस्त न होणारा येणार आणि नोड जागच्या जागी कोसळणार. ड्रेन केला. ड्रेनची चांगली गोष्ट ही की तो कुणाला हाकलत नाही, आत चाललेला जॉब पुरा होऊ देतो, फक्त नवीन घेत नाही, तोवर स्टेटमधे ड्रेनिंग दिसतं. आत एका केमिस्ट्रीवाल्याचं चार दिवसांचं कॅल्क्युलेशन चालू होतं आणि त्याचे दोन दिवस झाले होते. थांबले. ते संपलं, नोड ड्रेन्ड झाला, तेव्हा जाऊन मशीन रॅकमधून ओढलं. थंड बाजूला उभं राहून झाकण काढलं की बोटं गारठतात आणि त्याच वेळी मागच्या बाजूची गरम हवा मानेवर येत असते. लॉगमधे स्लॉट दिला होता. शंका असलेली रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमधे घातली आणि तिथली या जागी. झाकण लावलं, चालू केलं, मेमरीचा टेस्ट रात्रभर सोडला. सकाळी एरर नव्या स्लॉटवर. म्हणजे दोष रॅमचाच, मदरबोर्डचा नाही, नाहीतर एरर जुन्याच जागी राहिली असती. हे एवढं सिद्ध करून दिल्याशिवाय कंपनी वॉरंटीत रॅम बदलत नाही, आणि सिद्ध करून दिल्यावरही आधी फर्मवेअर अपडेट करायला सांगते. तोवर काही आठवडे यादीत नोडसमोर "रॅम सी १ आरएमए" एवढंच, आरएमए म्हणजे कंपनीकडे बदलून मागितलंय. वीसच्या आत बसतं.

बाहेर मात्र सुपरकंप्युटर म्हटलं की लोकांना आठवतात पेटाफ्लॉप, म्हणजे मशीन सेकंदाला किती गणितं करतं तो आकडा. पुण्याला याचा अभिमान असणं साहजिक आहे. अमेरिकेनं क्रे कंपनीचा सुपरकंप्युटर द्यायला आढेवेढे घेतले, १९८८ मधे इथे सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मधे परम ८००० आला. २००७ च्या नोव्हेंबरमधे टाटांच्या सीआरएल या कंपनीचा "एका" नावाचा सुपरकंप्युटर जगातल्या सगळ्यात वेगवान मशिनींच्या यादीत चौथा होता, पुण्यातला कंप्युटर जगात चौथा, आजही सांगताना बरं वाटतं. पाषाणला आयआयटीएममधे हवामानासाठी २०१८ मधे प्रत्युष आला, मग अर्का. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनला ४५०० कोटी मंजूर झाले आणि त्यातून देशभर मशीन्स बसली. जीएमआरटीच्या दुर्बिणीसाठीचा परम रुद्र आणि हवामानाचा अर्का यांचं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ ला झालं, आणि त्या दिवशी पुण्यात एवढा पाऊस की पंतप्रधानांचा दौराच रद्द झाला आणि सगळं व्हिडिओवरून उरकावं लागलं. हवामानाच्या मशीनचं लोकार्पण आणि पावसानं दौरा रद्द, यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस विनोद चालू होते.

पण पेटाफ्लॉप हा आकडा मशीन नवं कोरं असताना, सगळे नोड एकाच वेळी एकाच कामाला जुंपून काढलेला असतो. चौथ्या वर्षी त्यातले किती नोड ड्रेनमधे आहेत हे कुठल्या पेपरात छापून येत नाही. मशीन घ्यायला पैसे मिळतात, एएमसीला मिळवताना नाकी नऊ येतात, हे मी एका ठिकाणाबद्दल म्हणत नाहीये, चार ठिकाणचे ॲडमिन भेटले की चहाच्या दुसऱ्या घोटाला विषय इथेच येतो. माझं स्पष्ट मत आहे की क्लस्टरच्या वार्षिक अहवालात एस-इन्फो डॅश आरचा एक प्रिंटआऊट जसाच्या तसा लावावा. कुणी लावणार नाही.

दसऱ्याला आम्ही रॅकची पूजा करतो, बहुतेक सगळ्या सर्व्हर रूममधे करतात. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे (पेढे खोलीच्या बाहेर, हा नियम मी केलाय). एका वर्षी हौसेनं कुणीतरी पाकळ्या उधळल्या. सर्व्हर पुढून हवा ओढतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात सगळ्या पाकळ्या पुढच्या जाळीला चिकटून बसल्या, काळ्या रॅकला केशरी ठिपके, दिसत छान होतं, फॅनचा आवाज मात्र चढला आणि दोन नोडांचं तापमान वर गेलं. आता अखंड हार, तोही रॅकच्या बाजूला.

राहता राहिला गुरुवार. पुणेकरांना सांगायला नको, दुरुस्तीसाठी लाईट आणि पाणी जायचं ते गुरुवारी. वर्षातून एकदोनदा आमच्या कॅम्पसचाही मोठा शटडाऊन असतो, ट्रान्सफॉर्मर किंवा यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि तेवढा वेळ जनरेटरवर चिलरसकट सगळं ओढत नाही. मग स्लर्ममधे आठवडाभर आधी मेंटेनन्सचं रिझर्व्हेशन टाकायचं, गुरुवार सकाळी सहापासून. त्याचा परिणाम असा होतो की ज्या जॉबनं मागितलेला वेळ गुरुवारी सहाच्या पुढे जातो तो जॉब सुरूच होत नाही. चार दिवसांचा जॉब रविवारी दुपारी टाकला तर गेला बोंबलत. सोमवार-मंगळवारपासून नोड एकेक करून रिकामे व्हायला लागतात, एस-इन्फोत आयडलचा आकडा फुगत जातो आणि एस-क्यूमधे (ही रांग दाखवणारी कमांड) रांग तशीच. मग मेल सुरू. मॅडम एवढे नोड आयडल आहेत मग माझा जॉब का लागत नाहीये. कारण समोरच लिहिलेलं असतं, रिझर्व्ह्ड फॉर मेंटेनन्स, पण ते कंसात शेवटच्या कॉलममधे असतं आणि शेवटच्या कॉलमपर्यंत कुणी जात नाही.

लाईट आल्यावर चालू करायचा क्रम ठरलेला. आधी स्विच, मग स्टोरेज, मग मुख्य सर्व्हर, आणि ते सगळं नीट उभं राहिल्याची खात्री झाल्यावर नोड, तेही रॅकमागून रॅक, एकदम सगळे चालू केले तर एमसीबी पडतात. स्टोरेजच्या आधी नोड उठले तर माउंट होत नाही आणि तुम्हाला एक सोडून पन्नास ब्लॅक होल मिळतात. तेव्हा एस-इन्फो मारत बसायचं आणि डाऊन स्टारवाल्या ओळीतून नोड निघून आयडलच्या ओळीत जाताना बघायचं. हे बघायला मजा येते हे कबूल. दोन-तीन हट्टी असतातच, दर शटडाऊनला कुणाचा तरी पॉवर सप्लाय रामराम म्हणतो, त्यांची कारणं लिहायची आणि पार्टिशन उघडायचं.

मागच्या वेळी रात्री आठला उघडलं. दहा मिनिटांत शेकड्यानं जॉब, सगळे आठवडाभर तुंबलेले. पहिली लाट लागली, क्लस्टर जवळजवळ भरला, बाकीचे रांगेत. काही जण तर एस-क्यूला वॉच लावून दर सेकंदाला बघत बसतात, प्रत्येक वेळी कंट्रोलरला एक प्रश्न जातो, असे पन्नास जण बसले की ज्यानं रांग लावायची तो उत्तरं देण्यातच दमतो. साडेआठला एका पीएचडीच्या मुलाचा फोन. मॅडम, कॉन्फरन्सची डेडलाईन उद्या आहे, माझ्यासमोर प्रायॉरिटी असं येतंय, रिसोर्सेस येत होतं तेव्हा निदान नंबर जवळ होता. बरोबर होतं त्याचं, रिसोर्सेस म्हणजे तुझा नंबर आलाय, जागा व्हायची वाट बघतोय, प्रायॉरिटी म्हणजे तुझ्यापुढे अजून माणसं आहेत. त्यानं गेल्या आठवड्यात भरपूर वापरलं होतं म्हणून फेअरशेअरमधे तो मागे पडला होता, वापर जसा जुना होतो तसं त्याचं वजन कमी होतं पण ते एका रात्रीत होत नाही. त्याची स्क्रिप्ट उघडायला सांगितली. टाईम, चार दिवस. म्हटलं, जॉब खरा किती वेळ चालतो? म्हणाला, तीनेक तास.

सगळे हेच करतात. जास्तीत जास्त जेवढं मागता येतं तेवढं मागून ठेवतात, मधेच मारला जाऊ नये म्हणून. पण कंट्रोलरकडे जॉब किती चालेल हे कळायचा दुसरा मार्गच नाही, त्यानं सांगितलं तेच खरं धरून तो पुढची सगळी मांडणी करतो. समोर एक आठ नोडवाला मोठा जॉब जागेसाठी ताटकळत होता, त्याच्यासाठी पाच नोड राखून ठेवले होते आणि उरलेले तीन पहाटे मोकळे व्हायचे होते. म्हणजे ते पाच नोड तोवर रिकामेच बसणार. तेवढ्या वेळात संपेल असं ज्यानं सांगितलंय तो जॉब तिथे घुसू शकतो, याला बॅकफिल म्हणतात, आणि चार दिवस सांगणारा घुसू शकत नाही, मग तो खरा तीनच तास चालणारा का असेना. म्हटलं, पाच तास लिही आणि परत टाक. तो म्हणाला, मॅडम पण साडेपाच तास लागले तर? म्हटलं, मग पाच तासांनी मरेल, तू ठरव. पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू येत होती. सहा लिहिले त्यानं, अजून एक तास वरकड. दोन मिनिटांत स्टेट पीडीचा (पेंडिंग) आर (रनिंग) झाला. "लागला मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला. थँक्यूचा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी आला, त्यासोबत विचारणा की आता ते बाकीचे चाळीस जॉब पण सहा तासांवर आणू का. हो, म्हटलं, आणि तुझ्या लॅबमधल्या बाकीच्यांना पण सांग.